हातावरचं नाव-गाव

राजारामपुरीतल्या टॅटूच्या दुकानात बायडाबाईंनी उजवा हात टेबलावर ठेवला. मनगटाच्या वर लग्नातलं हिरवं गोंदण होतं: ‘यल्लाप्पा, उचगाव’.

“मालकांचं नाव व्हय, मावशी? पुसट झालंय. गडद करून देतो की,” प्रसेनजीत म्हणाला.

“न्हाय. ते झाकायचं. वर पिंपळाचं पान काढ, आन् खाली माझ्या लेकीचं नाव आन् फोन नंबर.”

“जुनं झाकायचं म्हणजे दोनदा सुई फिरवावी लागंल. लई दुखंल. त्यात एकदा काढलं की जन्मभर ऱ्हातंय बघा. घरी जाऊन इचार करा, पुढच्या महिन्यात या.”

“पुढच्या महिन्यापत्तुर इचार ऱ्हाईल का डोक्यात? डॉक्टर म्हणतोय, हळूहळू समदं इसरणार मी.” बायडाबाईंनी हात आणखी पुढं सरकवला. “उद्या रस्त्यात चुकलो, तर लोक ह्यो हात वाचून मला त्याच्या दारात नेऊन सोडतील. तीस वर्सांमागं लेकीला काखंत घिऊन पळालो मी तिथनं. आन् का पळालो, तेच मला तवा आठवणार न्हाय.”