भट्ट्या बंद करायची तारीख

मोरोक्कोतल्या मेकनेस गावच्या आमच्या बेकरीत ईदच्या आदल्या संध्याकाळी कॉम्प्युटर आपोआप भट्ट्या बंद करतो. पॅरिसच्या हेड ऑफिसातून लोरां या साहेबाचा फोन आला. "तारीख टाका."

"चंद्र दिसल्याशिवाय कशी टाकू?" बेकरीचं सॉफ्टवेअर सांभाळणारी घीता म्हणाली. "भट्ट्या एक दिवस आधी विझल्या तर गावाला पहाटे सेहरीला पाव नाही."

"सॉफ्टवेअरला चंद्र कळत नाही."

"दरवर्षी गच्चीवरून चंद्र बघणाऱ्या बूअज्जाकाकांना कळतो."

तिने काकांनाच सॉफ्टवेअरमध्ये घातलं. त्यांनी मोबाइलवर होकार दाबला तरच भट्ट्या बंद!

एकोणतिसाव्या रोजाला काका गच्चीवरून उतरले. "नाही दिसला गं पोरी."

पॅरिसला पडद्यावर लाल अक्षरं उमटली: काम अडलं, कारण चंद्र.

"बिघाड कधी दुरुस्त होईल?" लोरां ओरडला.

"उद्या संध्याकाळी."

"नक्की?"

"शंभर टक्के. रोजे तीसच्या पुढे जात नाहीत. तिसाव्या रोजाला आम्ही चंद्राला विचारत नाही."