साखरेचं चिलखत

सहकाऱ्याने जंतूंची प्लेट तिच्यासमोर धरली. "मॅडम, पेशंटच्या रक्तातून आले तेव्हा यांचे ठिपके कसे गुळगुळीत, चकचकीत होते. लॅबमध्ये वाढवले तर बघा, खरबरीत झालेत. बिघडले वाटतं."

"बिघडतायत कसले," ती म्हणाली. "इथे आयतं खायला मिळतंय, शरीरातल्यासारखं अंगावर कोणी धावून येत नाही. मग बाहेरच्या आवरणावर साखरेचं चिलखत चढवायचा खटाटोप कोण करत बसेल? ते उतरवलं की असेच दिसतात."

तिच्या घरी, सासर कायमचं सोडून आलेली लेक होती. आल्यापासून तिचं बोलणं कसं अगदी गोड. "चालेल, आई." "थँक्यू, आई." "माझ्यासाठी वेगळं काही नको." ते ऐकून आईच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्या संध्याकाळी लेकीने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि ओट्यावर आपटलं. "परत तीच भाजी? तुला दुसरं काही सुचतच नाही का गं?"

बाबांचा पारा चढला. "आईशी बोलायची ही कुठली रीत?"

"अहो, बोलू द्या तिला," आई ताट वाढत म्हणाली. "आत्ता कुठे माहेरी आलीये ती."