एक्केचाळीस नावं

धनजच्या विहारात मथुराआजी डोळे मिटून सांगत होत्या आणि धम्मदीपा लॅपटॉपवर उतरवून घेत होती. छप्पन साली दीक्षेला गेलेल्या गावकऱ्यांची नावं आता एकट्या आजींनाच ठाऊक होती. ही यादी वाशिमला संघदीपही तपासत असे; त्या सामाईक फाइलमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येई. मध्येच पडद्यावर संदेश आला, ‘वाशिमला फाइल हवी आहे. सेव्ह करून ताबा सोडा.’ आजींची तंद्री मोडेल म्हणून तिनं तो बाजूला सारला. दुसराही सारला. तिसऱ्यानं विचारलंच नाही. ताबा गेला आणि सेव्ह न केलेली एक्केचाळीस नावं डोळ्यांदेखत पुसली गेली. तिनं संघदीपला फोन लावला. “ताई, मले फक्त एक वेलांटी सुदरवाची होती,” तो म्हणाला. धम्मदीपा आजींकडे वळली. “आजी, नावं पुन्हा सांगा!” आजी आठवत राहिल्या, मग घाबरल्या. “तुले देल्ली, म्हनून म्या मनातून सोडून देल्ली वं.”