बारा दिवस

नववा दिवस होता आणि उत्कर्षा मागाच्या छपरात बाजेवर उताणी पडून पत्र्याच्या भोकातून येणारं ऊन पोटावर झेलत होती. सासरे होते तोवर इथं घोंगडीचा माग चालायचा. आता पाळीच्या दिवसांत घरातली बाई इथं बाजूला बसते. आटपाडीकडच्या त्या वस्तीवर हा रिवाज तिच्या सासूबाईंनी, बयाबाईंनी, काटेकोर सांभाळला होता.

नवरा, मल्हार, मेंढरं घेऊन माळाला लागला. घुंगरांचा आवाज लांब लांब गेला तशी उत्कर्षाला पुन्हा डुलकी लागली. स्वप्नात ती तळ्यात तरंगत होती आणि कुणी तिला हाक मारत नव्हतं. जाग आली तरी कुणी हाक मारत नव्हतं. किती बरं वाटायचं तिला!

"भाकर ठिवलीया," दारातून बयाबाई म्हणाल्या. मग डॉक्टरांना सांगायला हिशेब हवा म्हणून त्यांनी कोळशानं भिंतीवर नववी रेघ ओढली. दोन पोरांची शाळा, धारा, चूल असं सगळं एकट्यानं ओढत होत्या, पण रेघ कधी चुकवत नव्हत्या.

"अजून थांबलं न्हाई व्हय?"

"न्हाई, आत्ती."

हे साफ खोटं होतं. तिसऱ्याच दिवशी थांबलं होतं.

सहा महिन्यांपूर्वी मात्र खरंच बारा-बारा दिवस जायचं. कपडे पुरे पडायचे नाहीत, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. रक्त सहावर आलं तेव्हा बयाबाईंनीच तिला सांगलीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं पाकीट पुढं केलं तशा बयाबाई दचकल्या.

"ह्या तर पाळणा लांबवायच्या गोळ्या हायत!"

"त्याच," डॉक्टरीणबाई हसल्या. "पण अंगावरून जास्त जात असेल तर तेही यांनी कमी होतं. सोबत रक्तवाढीच्या गोळ्या घ्या. आणि नाहीच गुण आला, तर गर्भपिशवी काढायचा विचार करावा लागेल."

दुसऱ्या महिन्यात गुण आला. दुखणं गेलं, अंगात त्राण आलं, आणि आता ते बारा दिवसही जाणार हे उत्कर्षाच्या ध्यानात आलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्यात तिचे स्वतःचे म्हणावेत असे दिवस तेवढेच. सासू राबताना दिसली की तिला लाज वाटायची. तरी तिनं ते दिवस सोडले नाहीत.

पुढच्या आठवड्यात तपासणीची तारीख आली आणि बयाबाई सोबत निघाल्या. एसटीच्या खिडकीतून आधी माळ मागं पळाला, मग द्राक्षबागा, मग ऊस. उत्कर्षा अर्धवट झोपेत सगळं बघत होती. ही गाडी कुठंच पोचू नये, नुसती अशी चालत राहावी, असं तिला वाटत होतं. गाडी मेली वेळेवर पोचली.

"रक्त अकरा झालंय!" डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "आता किती दिवस जातं?"

शेजारी बयाबाई कान टवकारून बसलेल्या. बारा म्हणावं तर पिशवीवर बेतणार. तीन म्हणावं तर हातचे दिवस जाणार, वर सासूपुढं खोटारडी ठरणार. उत्कर्षानं डोळे मिटले.

"तीन."

बयाबाईंनी पदर सावरला आणि त्या उठल्या. परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या. तासगाव गेलं, विटा गेलं, तरी त्यांनी तोंड इकडं वळवलं नाही.

"आत्ती, चुकलं माजं," उत्कर्षा रडकुंडीला आली. "तुमी एकट्या राबताय, आन मी आपली तितं पडून..."

"चुकलंच," बयाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "दर महिन्याला बारा कुणाचं ऱ्हातंय गं? एकदा सात सांगायचं, एकदा धा. ऐकणाऱ्याला पटाया नगं?"

बयाबाईंनी आवाज खाली आणला.

"माजी पाळी चाळिसाव्या वर्षीच गेली हुती. सासूला पन्नासाव्या वर्षी सांगितलं."