एकतीस बैठका

एकतिसाव्या बैठकीला कारभारी वस्तादांचे गुडघे लटपटले आणि त्यांनी गव्हाणीचा काठ धरला. पौषातली थंडी होती. गोठ्यातल्या बैलांच्या नाकातून वाफ निघत होती आणि वस्तादांच्या मानेवरून घाम ओघळत होता. हा व्यायामाचा घाम नव्हता. तो त्यांना चांगला ओळखू येत असे. चाळीस वर्षं रोज गाळला होता. हा नुसताच पोटातून वर चढायचा, कानशिलं तापवायचा आणि बंडी भिजवून निघून जायचा. मागून हुडहुडी भरायची.

चुलीपासून त्यांच्या बायकोने, चांगुणाबाईंनी विचारलं, किती झाल्या?

"शंभर," वस्ताद म्हणाले.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

वस्ताद आता तालमीत जात नसत. तिथं अंगातली बंडी काढावी लागते. सहा महिन्यांपूर्वी नगरच्या दवाखान्यात लघवीच्या वाटेवर कॅन्सरची गाठ निघाली. ही गाठ पुरुषाच्या अंगातल्या जोमावरच पोसते, तेव्हा तिचा चारा तोडायला हवा, असं सांगून डॉक्टरांनी दोन्ही वृषण काढले आणि वर रोज घ्यायला एक बारीक पांढरी गोळी दिली. गुण आला, हे खोटं नव्हतं. कंबरेची हाडं रात्र रात्र ठणकायची, ती पंधरा दिवसांत गप्प झाली. पण दंड सैल पडले, पोट सुटलं आणि छाती बाईमाणसासारखी वर आली. बंडीचं कापड घासलं तरी दुखायची. गावात मुतखड्याचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. खरं काय ते एकट्या चांगुणाबाईंना ठाऊक.

त्याच सकाळी भिमाजी आला. वस्तादांच्या हाताखाली तयार झालेला हा पैलवान आता गावची तालीम चालवत होता. माघातल्या जत्रेच्या कुस्त्या ठरल्या होत्या. दरवर्षीप्रमाणे पहिली जोड लागण्याआधी वस्तादांनी आखाड्यात मुद्गल फिरवावेत, असा पंचांचा निरोप होता. वस्ताद म्हणाले, यंदा जमायचं नाही. का, म्हणून भिमाजीने विचारलं, तेव्हा त्यांनी ते डॉक्टरांवर ढकललं. भिमाजीने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. त्याला मनापासून बरं वाटलं.

"काय बोलताय वस्ताद? आपरेशन मानवलं की तुमास्नी. अंग कसं भरलंय."

आणि लाडाने खांद्यावर थाप मारायला त्याने हात पुढे केला. वस्ताद झटक्यात मागे सरले. एकदा सांगितलं ते कळत नाही का, असं इतक्या जोरात म्हणाले, की भिमाजीचं हसू तोंडावरच राहिलं. चहालाही न थांबता तो गेला.

तो दिसेनासा झाला तसा वस्तादांनी कोपऱ्यातला मुद्गल ओढून काढला. एक फेरी खांद्यावरून गेली. दुसरी कशीबशी गेली. तिसरीला मनगट कलंडलं आणि ते धूड गव्हाणीवर आदळलं. बैल दाव्याला हिसडे देऊ लागले. चांगुणाबाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या.

वस्ताद जमिनीवर बसले होते आणि बैलांकडे पाहत होते.

"ह्यांला खच्ची केलं तवा मीच पाय धरलं हुतं," ते म्हणाले.

चांगुणाबाईंनी हिसडे देणाऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "रान समदं ह्यांनीच नांगरलं की. वळूनं न्हाई."

त्यांना वाटलं, धीर येईल. उलट वस्तादांचा भडका उडाला. मला काय औताला जुपायचंय का, म्हणाले. गोळ्यांची बाटली उकिरड्यात टाकतो म्हणाले, डॉक्टरला शिव्या घातल्या, आणि शेवटी बोलायला काही उरलं नाही तेव्हा, मघाच्या शंभर बैठका खोट्या होत्या, एवढं पुटपुटले.

"एकतीस झाल्या," चांगुणाबाई म्हणाल्या. "परवा चोवीस हुत्या. भिंतीपल्याड दम ऐकू येतो तुमचा."

वस्तादांनी मान वर केली नाही. चांगुणाबाईंनी हात धुतले, भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि सांगितलं की लेक-सून मळ्यात वाट बघत असतील. हाडं ठिसूळ होऊ द्यायची नसतील तर रोज चालायचं, असं डॉक्टर म्हणाला होता, आणि चालणं म्हाताऱ्यांचं काम म्हणून तुम्ही ते कधी केलं नाही. तर आज चला.

मळा दीड मैलावर, पाटाच्या कडेने. लग्नापासून वस्ताद पुढे आणि चांगुणाबाई चार पावलं मागे, अशीच चाल होती. आज निम्म्या वाटेतच वस्तादांचा दम गेला आणि डोक्यावर भाकऱ्यांची पाटी असलेल्या चांगुणाबाई पुढे निघून गेल्या. समोरून कारखान्याकडे उसाच्या गाड्या येत होत्या. ओळखीचे गाडीवान राम राम घालत होते आणि घालून झाल्यावर मागे वळून बघत होते.

चांगुणाबाईंच्या ते ध्यानात आलं. पदर सावरायचं निमित्त करून त्या थांबल्या आणि पाटी उतरवायला लागल्या.

मागून आवाज आला, दमाने तुटलेला.

"थांबू नगं. तू चाल. येतो मी मागनं."