घरात प्रिंटर नव्हता

"काका, घरी प्रिंटर आहे काय?" स्क्रीनवरची नजर न हटवता धम्मरत्ननं विचारलं.

भगवानराव चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. नाही म्हणाले. कधीच नव्हता.

"मंग हे प्रिंटरच्या नावाचं काय चालू होऊन राह्यलं?"

त्यांची लेक प्रेरणा खुर्ची ओढून पुढे सरकली. धम्मरत्न तिच्या कॉलेजातला. नांदुऱ्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तिनं त्याला मुद्दाम वडनेरला घरी बोलावून घेतलं होतं.

कारणही तसंच होतं. शेतकी पदवी घेऊन ती घरी बसली होती. पहिल्या नोकरीची मुलाखत ठरली आणि तिच्याच मेलवरून 'मला येणं शक्य नाही' असं उत्तर गेलं. तिनं ते लिहिलंच नव्हतं. दुसऱ्या खेपेला तिनं पासवर्ड बदलला, कुणालाही सांगितला नाही, तरी भरलेला अर्ज परस्पर मागे घेतला गेला. दोन्ही वेळा ती खूप रडली. दोन्ही वेळा भगवानरावांनी भरल्या ताटावरून उठून तिची समजूत काढली. आपलं शेत आहे, घर आहे, तुला काय कमी आहे, म्हणाले.

कॉम्प्युटर जुना होता. ती दहावीत असताना भगवानरावांनी तो आणला. ते पोस्टात होते. तिथं कॉम्प्युटरवर जे शिकले, ते सगळं त्यांनी लेकीला शिकवलं. त्याच वर्षी तिची आई गेली. तेव्हापासून घरात दोघंच. संध्याकाळी आतल्या खोलीतून कीबोर्डची टकटक ऐकू आली की भगवानरावांना घर भरल्यासारखं वाटे.

धम्मरत्ननं आधी कीबोर्डची वायर मागून चाचपली होती. मध्ये एखादी बारकी डबी अडकवलेली असली तर दाबलेलं अक्षर न् अक्षर ती टिपून ठेवते, असं त्यानं सांगितलं. तिथं काही नव्हतं. मग त्यानं कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम पाहिले होते, आणि त्यातच हा नसलेला प्रिंटर निघाला. आता तो त्याच्या मागावर गेला. एका फोल्डरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. शेवटी एक फाइल उघडली.

प्रेरणानं टाइप केलेलं सगळं त्यात होतं. पासवर्ड, अर्ज, मैत्रिणीला, प्राचीला, लिहिलेली मनातली गोष्ट.

"थोड्या थोड्या वेळानं हे सारं एका मेलवर जाते," धम्मरत्न म्हणाला. "पत्ता नुसत्या आकड्यांचा आहे. कोनाचा, ते पोलीसच काढू शकतीन."

भगवानरावांनी ट्रे खाली ठेवला. पुतण्या गोकुळ लग्नपत्रिका बनवायला इथं येऊन बसायचा, त्याच्याच हातून काहीतरी आत शिरलं असेल, असं ते म्हणाले. घरातल्याच माणसासाठी पोलिसात कशाला जायचं?

"गोकुळदादानं नाही केलं," प्रेरणा शांतपणे म्हणाली. "अन् पोलिसात बी नाही जायचं. धम्मा, तू फक्त काढून टाक."

भगवानरावांनी रुमालानं मान पुसली. उकाडा होता.

काढण्याआधी एकदा पारखून पाहू, म्हणून धम्मरत्ननं तिला काहीही टाइप करायला सांगितलं. भगवानराव कप विसळायला आत गेले. परतले तोवर तिचं लिहून झालं होतं. धम्मरत्ननं स्क्रीनकडे पाहिलं, मग प्रेरणाकडे.

"टिपलं," एवढंच तो म्हणाला. "गेलं बी."

मग त्यानं इंटरनेटची वायर उपसली आणि कामाला लागला. प्रोग्राम बंद केला, फाइली पुसल्या, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. प्रिंटर पुन्हा हजर. हरळीसारखं आहे, वरून खुडून भागत नाही, असं भगवानराव पुटपुटले. धम्मरत्न हसला आणि आणखी खोल उतरला. दर वेळी त्या प्रिंटरला नव्यानं उभं करणारी दुसरीच एक फाइल कोपऱ्यात लपली होती. ती सापडली तेव्हा प्रेरणानं वडिलांचा हात धरून माऊसवर ठेवला.

"बाबा, हे तुम्ही पुसा."

भगवानरावांचं बोट क्षणभर अडखळलं. मग त्यांनी दाबलं.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. तिघं श्वास रोखून पाहत राहिले. प्रिंटर आला नाही. कॉम्प्युटरच्या डब्यावरचा तांबडा दिवा, जो कुणी हात लावला नसतानाही लुकलुकत असायचा, आता स्वस्थ होता. प्रेरणानं टाळी वाजवली आणि लहानपणी हसायची तशी खळखळून हसली. सगळे पासवर्ड तिनं तिथल्या तिथं फोनवरून बदलले. शेजारच्या अंबूबाई काय झालं म्हणून डोकावल्या, तर प्रेरणानं त्यांना चोर पकडल्यासारखी सगळी हकीकत सांगितली. भगवानराव चौकातून कलाकंद घेऊन आले. लेकीच्या तोंडावर इतकं तेज त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांनाही हलकं वाटत होतं. मोठं संकट अंगावरून गेलं होतं.

निघताना धम्मरत्ननं त्यांना वाकून नमस्कार केला.

त्याची गाडी वळणाआड गेली. स्वयंपाकघरात प्रेरणा गुणगुणत पोळ्या लाटत होती. भगवानराव ओट्यावर बसले, चष्मा पुसला, खिशातून मोबाइल काढला आणि आकड्यांच्या नावाचा आपला मेल उघडला. सगळ्यात वर मघाशी गेलेलं शेवटचं टिपण होतं.

'बाबा, दोन्ही वेळा तुमीच नाही म्हटलं, मले माहीत आहे. या खेपेले प्राचीच्या फोनवरून अर्ज केला. निवड झाली. सोमवारी अकोल्याले रुजू व्हायचं आहे. सोडायले तुमीच चला.'