आतली कडी

सुताराने शांत खेड्यात स्वस्तात घर घेतलं. मागच्या खोलीचं दार बघताच त्याचं डोकं फिरलं. बाहेरून चार कड्या, आतून एकही नाही.

"कुठल्या गाढवाने बसवल्यात?" म्हणत त्याने चारही उपटल्या आणि आतून एक नवी बसवली.

"अहो, आधीच्या मालकाला विचारा तरी," बायको म्हणाली.

"वीस वर्षं दारं बसवतोय. मला कोण शिकवणार?"

दोघं अंगणात हात धुवायला आले. पाठीमागे त्याच खोलीचं दार लोटलं गेलं आणि आतून कडी लागली.

खोलीला खिडकीसुद्धा नव्हती, आणि घरात तिसरं कुणी नव्हतं.

सुताराचं पित्त खवळलं. त्याने दारावर लाथ घातली. "कोण आहे रे आत? उघड आधी."

तेल न दिलेली नवी कडी कुरकुरत सरकू लागली.